आबांची आरोळी आणि मी कापलेला तुकडा

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. तुम्हीच सांगा काय करू.

आज पारोळ्याजवळ आमच्या आणि नदीपलीकडच्या गावाची कबड्डी होती. सुरुवातीचे हिप-हॉपवाले जुन्या रेकॉर्डमधला छोटासा तुकडा उचलून त्यावर अख्खं गाणं उभं करायचे. मीही तेच केलं. कबड्डीची कॉमेंट्री करणारे आमच्या गावचे आबा आता नाहीत. पोरांना उठवणारी त्यांची जुनी आरोळी बीटवर चढवली आणि मध्यंतरात स्पीकरवर सोडली: "उठा रे पोरेसहोन, उठा!"

एका पॉइंटवरून हमरीतुमरीवर आलेली दोन्ही गावं चक्क एकत्र नाचायला लागली!

मग आबांची मुलगी, आमची अक्का, डोळे पुसत आली. "भाऊ, बठ्ठं रेकॉर्डिंग शे ना तुन्हाकडे? दोन्ही गावना ग्रुपवर टाक."

सगळं आहे ना! पण त्यात आरोळीच्या आधी आबा माइकवरून ओरडतात, "त्या नदीपलीकडला बठ्ठा चोर शेतस!"

आत्ता अक्काचा पुन्हा मेसेज आलाय. तिला तिचे आबा पूर्ण हवेत. गावांना मात्र मी कापलेलेच आबा आवडलेत.

कोणते आबा पाठवू?