पंपाच्या खोलीजवळची स्कूटर

“गॅलरी काय तुझ्या बापाने बांधली?”

“आणि तुझ्या बापाने काय रे, फरशी घातली?”

जानकी लग्न होऊन दहिसरच्या चाळीत आली, त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. फळीच्या भिंतीआड स्टोव्हला पंप मारता मारता तिने हे भांडण ऐकलं. एक आवाज शेजारच्या सीतारामचा. दुसरा कुणाचा म्हणून कान दिला, तर तो तिच्याच नवऱ्याचा! लग्नात उखाणा घ्यायला सांगितलं तर घाम फुटलेला लवू गॅलरीत उभा राहून गरजत होता. सीतारामने नवी सायकल घेतली होती आणि गॅलरीत लावली होती, एवढंच कारण.

“सायकल तुझी, ठेव तुझ्या घरात. लोकांची वाट अडवायची नाय!”

“घरात पाच माणसं आम्ही. सायकल ठेवू कुठे, डोक्यावर?”

“ठेव डोक्यावर.”

आणि सीतारामने खरंच ठेवली. वाशाला हुक मारून सायकल टांगली. खाली त्याचा लहानगा हर्षद झोपायचा. लवूने लगेच तेलरंग आणून जिन्याच्या भिंतीवर लिहून टाकलं, ‘सामायिक जागेत कोणीही वाहन ठेवू नये.’ शेवटी जागा पुरली नाही म्हणून अक्षरं दाटीवाटीने उभी होती, चाळीतल्या माणसांसारखीच.

नवरा नियमाचा माणूस आहे, याचं जानकीला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. नियम दुसऱ्याच्या सायकलीला लावलेला असला की तो किती सरळ दिसतो!

पुढे कापडाची गिरणी बंद पडली. लवूने एक जुनी निळी स्कूटर घेतली आणि बेकरीची खारी-टोस्ट दुकानादुकानांत पोचवायला लागला. पोरं शिकली, आपापल्या घरी गेली. चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. जुन्या बिऱ्हाडांना घरं मिळाली. गाड्यांच्या जागा मात्र बिल्डरने विकत घेणाऱ्यांसाठी ठेवल्या. लवूने स्कूटर तळमजल्यावर पंपाच्या खोलीजवळ कोपऱ्यात सारली. तोवर तिचं इंजिन बसलं होतं. “काका, आता हिला सोडा,” असं मेकॅनिकने सांगितलं. लवूने पेट्रोल सोडलं, स्कूटर सोडली नाही.

रोज सकाळी तो ती ढकलत गेटाबाहेर काढायचा. पाय ठेवायच्या जागेत दळणाचा डबा, सीताराम गेल्यापासून सीटवर त्याच्या बायकोची, रत्नप्रभाची पिशवी, हुकाला बोंबील नाहीतर पालेभाजी. पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा, बाजार करायचा आणि ढकलत परत यायचा.

“काका, आम्ही गाडीवर बसतो. तुमची गाडी तुमच्यावर बसलीय,” असं तरणी पोरं म्हणायची.

“पेट्रोलचा भाव बघ आणि मग हस,” हे लवूचं उत्तर ठरलेलं.

खरी गोष्ट एकट्या जानकीला माहीत होती. लवूचे गुडघे गेले होते. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली होती. पोराने चांगली रबरी बुडाची काठी आणून दिली, ती लवूने कपाटामागे टाकली. “काठी घ्यायला मी काय म्हातारो झालंय?” असं सत्तरी ओलांडलेला माणूस विचारत होता. पण स्कूटरच्या हँडलवर दोन्ही हात ठेवले की पाठ ताठ व्हायची आणि पाय सरळ पडायचे. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडी नेतोय. गाडी माणसाला नेत होती. एकदा चाक पंक्चर झालं, तर दुरुस्त होईपर्यंत लवू खुर्चीत बसून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत होता. जेवणसुद्धा गेलं नाही त्याला. स्कूटर गेली तर हा खुर्चीतून उठणार नाही, हे जानकीने तेव्हाच ओळखलं.

आणि मग लिफ्टशेजारी नोटीस लागली. एका घराला एकच गाडी. गाडीला सोसायटीचा स्टिकर हवा. स्टिकर मिळायला गाडी चालू हवी. बंद गाड्या सव्वीस जानेवारी झाली की भंगारवाला घेऊन जाईल. खाली सही सेक्रेटरीची, म्हणजे सीतारामच्या हर्षदची.

लवू सोसायटीच्या ऑफिसात गेला. सोबत जानकीही गेली, कारण नवऱ्याचा आवाज कुठवर चढतो ते तिला फळीआडून ठाऊक होतं.

“माझी स्कूटर रोज गेटाबाहेर जाते,” लवू म्हणाला. “तुझी मोटार गणपतीपासून जागची हललेली नाय. मांजर दोनदा व्यायली तिच्याखाली.”

हर्षद मेट्रोने कामावर जायचा. मोटारीवर चंदेरी कव्हर घालून ती जपलेली असायची.

“काका, मोटारीला स्टिकर आहे.”

“आणि माझी चालते ती?”

“तुम्ही ढकलता म्हणून चालते. असं ढकललं तर कपाटसुद्धा चालेल.” हर्षदने चष्मा काढून पुसला. “रागावू नका काका, पण चाळीत तो बोर्ड कुणी लिहिला होता? मी तीन-चार वर्षं सायकलीखाली झोपलोय. कूस वळली की पेडल डोक्याला लागायचं. तेव्हा बाबांना कोणी सूट दिली?”

लवू दाराकडे वळला. जानकी त्याच्यामागून निघाली. पोराचं चुकलं म्हणावं, तर कुठे?

घरी आल्यावर लवू एवढंच म्हणाला, “पोराचं बरोबर हा.”

पंचवीस तारखेला त्याने स्कूटर साबणाने धुतली, फडक्याने पुसली, मुलीला सासरी धाडावं तशी. जानकीने कपाटामागची काठी काढली, जळमटं झाडून दाराशी उभी केली. लवूने काठीकडे पाहिलं आणि पाठ फिरवून बसला.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा आणि मग सत्यनारायण, हे चाळीपासून चालत आलेलं. पूजा भटजी सांगायचे, पण गाऱ्हाणं घालायचा मान लवूचा. गाऱ्हाणं म्हणजे एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मागणं काय आहे ते पुरतं कोणी ऐकत नाही. सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं. कोकणी माणूस हे पाळण्यातच शिकतो.

लवूने नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा! आज तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पोराबाळांका नोकरी-धंद्यात यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बिल्डिंगीतली लिफ्ट बंद पडता ती चालू ठेव, टाकीक पाणी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

इथे लवू थांबला. जानकीला तो थांबा ओळखीचा वाटला नाही.

“आणि ह्या लवूची स्कूटर पंपाच्या खोलीकडे उभी हा. लवू चलता तवसर ती थंयच रवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लवू चालतोय तोवर स्कूटर तिथेच राहू दे, याला सगळे हो म्हणाले. सगळ्यांत खणखणीत आवाज हर्षदचा. ओरडून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

प्रसाद वाटताना त्याने लवूला गाठलं. “काका, ही फसवणूक आहे.”

“मी देवाक सांगितलंय, कमिटीक नाय,” लवू शिरा खात म्हणाला. हे आधी ठरवलं होतं की आयत्या वेळी तोंडातून गेलं, ते त्याने जानकीलाही कधी सांगितलं नाही.

“आई, तू तरी सांग ह्यांना!”

रत्नप्रभा खुर्चीत बसून केळ्याचा तुकडा चघळत होती. “काय सांगू? माझ्या पोराचा आवाज मी ओळखते. मोठ्याने तूच म्हणालास.”

“सवय आहे ती!”

“देवाला काय ठाऊक, सवय कुठली नि कबुली कुठली? नाय म्हणायचं असेल तर परत जा पाटासमोर आणि नाय म्हण.”

हर्षद पाटाकडे बघत राहिला, पण गेला नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा हर्षदने त्याला ऑफिसातले जुने पंखे देऊन वाटेला लावलं.

पण नियम म्हणजे नियम. कमिटीने दोन सभा घेतल्या आणि तोड काढली. पंपाच्या खोलीजवळ पिवळी चौकट आखली आणि वर पाटी लावली, ‘हातगाडी. संस्थेच्या वापरासाठी.’ हातगाडीला इंजिन लागत नाही, स्टिकरही लागत नाही.

देवाने दिलेलं कमिटीने घालवलं, असं लवूला वाटलं. “हातगाडी? माझ्या स्कूटरीक हातगाडी म्हणतत?” तो रुसून खुर्चीत बसला. एवढं करून शेवटी खुर्चीच, असं जानकीला वाटलं. मग रत्नप्रभाच वर आली. “भावोजी, पीठ संपलंय. हातगाडीने आणा नाहीतर विमानाने, पण आणा.” लवू पुटपुटत उठला. जाताना पाटीवरच्या ‘हातगाडी’वर त्याने आपलं फडकं टांगलं. मग ते रोज तिथेच वाळत असायचं, आणि हर्षदने ते कधी काढलं नाही.

पिवळ्या चौकटीबाहेर मात्र लवूने स्कूटरचं चाक कधी जाऊ दिलं नाही. बोर्ड लिहिणारा माणूस तो.

दिवाळीच्या तोंडावर चकलीची भाजणी दळायची होती. जानकीचा डबा, रत्नप्रभाचा डबा. लवूने सकाळी स्कूटर काढली, दोन्ही डबे ठेवले, दोरी बांधली. “मिरच्यांवर दळू देऊ नका हो,” जानकीने खिडकीतून ओरडून सांगितलं. त्याने वर न बघता हात हलवला. गिरणीत रांग होती, त्यामुळे यायला उशीर झाला. आल्यावर त्याने स्कूटर चौकटीत लावली. पुढचं चाक रेषेवर जरासं आलं होतं, ते मागे घेतलं. फडक्याने हँडल पुसलं, फडकं पाटीवर टाकलं, रत्नप्रभाचा डबा तिच्या दारात ठेवला.

ही त्याची शेवटची खेप. कोणालाच ते ठाऊक नव्हतं, म्हणून कोणी काही वेगळं केलं नाही. जानकीसुद्धा उशिरावरून बडबडली, डबा हातात घेतला आणि सवयीने झाकण लावायला हात नेला.

“इतक्यात लावू नको गो,” लवू खुर्चीत टेकत म्हणाला. “पीठ गरम हा अजून.”