ताट मी खाली ठेवलं

"मावशी, हे ताट घ्या. शेठना ओवाळा."

मॅनेजरने माझ्या हातात ताट कोंबलं. निरांजन, सुपारी, कुंकू. समोर खुर्चीत गोडाऊनवाला शेठ, टिळ्यासाठी कपाळ आधीच पुढे करून बसलेला.

कार्यक्रम कशाचा? दापोड्याला त्याच्या गोडाऊनमागे हॅमर फेकायचं सर्कल बांधलं, त्याच्या उद्घाटनाचा. पाहुणी मी. देशासाठी परदेशात हॅमर फेकून आलेली बाई. बॅनरवर फोटो शेठचा, त्याच्या बापाचा, नातवाचासुद्धा. माझं नाव तळाला, मंडपवाल्याच्या जरा वर. एवढाच काय तो मान.

हे ताट माझ्या ओळखीचं बघा. तरुणपणी पहिलं पदक घेऊन आले, तेव्हा गावात मिरवणूक निघाली. टेम्पोत पुढे गावचे पुढारी, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे; हार त्यांच्या गळ्यात. मी मागे, स्पीकरच्या खोक्याला धरून. देवळापाशी उतरले तर हेच ताट. "पोरी, भाऊंना ओवाळ. त्यांच्या आशीर्वादानं जिंकलीस." हॅमर म्हणजे लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. मूठ दोन्ही हातांनी धरायची, गरगर फिरायचं नि सोडायचं. यात भाऊंचा आशीर्वाद कुठं बसतो, मला अजून कळलं न्हाय. पण ओवाळलं. आई डोळ्यांनी खुणावत होती. भाऊंच्याच वीटभट्टीवर होती ती.

आज माझ्यामागे नारपोलीच्या पोरी उभ्या होत्या, लूम कामगारांच्या. त्यांना मीच शिकवते. ट्रकांच्या पार्किंगमध्ये नुसत्या गिरक्या मारतो आम्ही, गोळा सोडायला जागाच न्हाय. ताट फिरवलं की ही जागा मिळणार होती.

त्यातली शबनम कानाशी आली. "मावशी, घुमा दो ना. दो मिनट का काम है." मग तिचीच मान खाली गेली. "नको, मावशी. फिर कल हमको घुमाने बोलेंगे."

मी ताट खाली ठेवलं.

"का ओ मावशी, हात दुखतात काय?" शेठ हसला. मॅनेजरही हसला. पगारच त्याचा घेतो ना तो.

"हात चांगले हायत. तू ऊठ. सर्कलमध्ये ये नि एक गिरकी मारून दाव. मंग ओवाळते तुला."

शेठ कसला उठतोय! चपलेत पाय घालायला त्याला माणूस लागतो.

"मग जागा विसरा," म्हणाला.

"विसरले."

सर्कलवर आता त्याच्या ताडपत्र्या पडल्यात. पडू देत. सिमेंट ओतलं की खेळ आपल्या बापाचा झाला, असं वाटतं असल्यांना.

खाडीकडचं गुरचरण ओसाड आहे. पंचायतीकडे तेच मागितलंय. न्हाय म्हणाले तर परत मागीन, दारात बसून मागीन. आणि तिथून जी पोरगी जिंकून येईल, तिला पाटावर बसवायचं. ओवाळायचं तिलाच. शेठ, भाऊ, कुणी आलंच तर ताट त्यांनी धरावं. न्हायतर आल्या पावली चालतं व्हावं.