खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आतून टीं-टीं आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. मला रडूच आलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी त्यावर पत्त्यांचा डाव लावतात. हल्ली त्यांना वार, तारीख, माणसं काहीच धड आठवत नाही, पण काळ्या दश्शीवर लाल नव्वी ठेवायची हे बरोबर आठवतं. तेवढा वेळ ते एका जागी बसतात, म्हणून माझी अंघोळ होते, स्वयंपाक होतो. डाव नसला की चपला घालून ड्यूटीवर निघतात. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्यांना ते पटवणार कोण? मागे एकदा निघाले ते थेट त्र्यंबक रोडला सापडले होते.

दाराला कडी घातली आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, आज दुकान बंद हाय. वायर काढून डबा खोला. आत उभी हिरवी पट्टी दिसंल, ती रॅम. काढून खोडरबरनं घासा, परत दाबून बसवा. लय वेळा तेवढ्यानंच होतं."

स्क्रू काढायला गेले तर ते आधीच सैल. पत्रा सरकवला आणि कपाळावर हात मारून घेतला. आत झेंडूचं फूल, अक्षता, आणि त्या हिरव्या पट्टीवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं! आदल्या दिवशी खंडेनवमी होती. कारखान्यात अण्णा मशीन खोलून, पुसून, आतल्या भागांना कुंकू लावायचे. वरवरची पूजा त्यांना चालत नसे. मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी घरीही सगळं यथासांग उरकलं होतं. बोट टेकवताना पट्टी एका बाजूने खाचेतून सुटली होती.

"अहो अण्णा, काय करून ठेवलंत हे!"

ते चपला घालून दारापाशी उभे होते, कडीशी खटपट करत. चिडायलाही अंगात जीव लागतो.

जमिनीवर बसून अक्षता वेचल्या. कोरड्या ब्रशने कुंकू झाडलं, पट्टी घासली, टक् आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा मला हायसं वाटलं. पत्ते मांडून दिले, तसे अण्णा मुकाट्याने खुर्चीत येऊन बसले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "छान काम केलंत, ताई. कंपनीतून आलात ना? चहा घेऊन जा. आमची मुलगी आतच असेल."

चहा ठेवायला मी उठू लागले.

"बसा हो," ते हळूच म्हणाले. "लगेच हाक नका मारू तिला. फार दमते ती."

मी पुन्हा खाली बसले.