माथ्याची नागली

हरसूलच्या बाजारात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बी विकणाऱ्या मावशींनी मला दोन वर्षं रिकाम्या हातानं परत पाठवलं. कांद्याच्या लिलावात मी भल्याभल्यांना घाम फोडतो. हा अपमान अजून सलतो.

भाव सांगण्याआधी त्या विचारतात, "जमीन कशी हाय?"

मी म्हणायचो, "विंचूरची, काळी."

"पाणी धरंल. बी कुजंल. जा शेठ."

"दुप्पट पैसे देतो!"

"मंग दुप्पट कुजंल."

यंदा मी इकडेच डोंगरउतारावर तुकडा घेतला आणि ऐटीत गेलो.

"माथ्याला का पायथ्याला?"

"माथ्याला."

त्यांनी पुढची टोपली सारून मागची ओढली. "ही हळवी. माथ्याची ओल लवकर सरते, त्याआधी ही पिकते. पायथ्याला गरवी, ती सावकाश."

"कोणी शिकवलं?"

"डोंगरानं. जुन्या बायांनी समदं पेरलं. जगलं ते ठेवलं."

माझ्या अंगावर काटा आला. बी माणूस निवडतो असं मी समजत होतो. इथं तर उतारानं आणि पावसानं बी निवडलं होतं, बायांनी ते फक्त ओळखलं!

"पाच किलो द्या!"

त्यांनी दोन मुठी दिल्या. "आधी तुमच्या माथ्याला पटू द्या."

मी तासभर भांडलो. तिसरी मूठ मिळाली नाही, तरी गाडीकडे जवळजवळ पळतच गेलो.