जवसाच्या तेलातला वऱ्हाड

यमुनाबाईंचे अकोल्यात, जठारपेठेतील राहत्या घरी, गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी निधन झाले. तार दुपारी अमरावतीला पोचली. त्या प्रस्तुत लेखकाच्या आत्या. घरात त्यांच्याशी एकेरीतच बोलत असू. इथेही तसेच लिहितो.

आत्याचे यजमान मोजणी खात्यात नकाशांच्या नकला करीत. त्यांच्याकडून ती नकाशा वाचायला आणि उतरवायला शिकली. इंग्रजी तिला येत नव्हते. पातळ कागदाला जवसाचे तेल चोळून ती तो दोन दिवस वाळवी, म्हणजे खालच्या नकाशाची रेघ वरून दिसे. यजमान गेल्यावरही तेलाची वाटी आणि बोरू खिडकीतून हलले नाहीत.

माझी धाकटी बहीण सुशीला एका वर्षी इतिहासात नापास झाली. आमचे वडील, नाना, अमरावतीत वकिली करीत. पुन्हा नापास झाली तर शाळा बंद, असे त्यांनी सांगितले, आणि एकदा सांगितलेले ते बदलत नसत. आत्याने पत्र लिहून सुट्टीपुरती पोरगी मागून घेतली. सोबत मीही गेलो. पहिल्या दिवशी सुशीलाने पुस्तक उघडले, तर आत्याने ते मिटवले. ‘‘आदी पूर्णा काढ. राजे मांगून येतेत.’’ चार दिवस सुशीलाने फक्त नदी काढली. मग नदीच्या अंगाने अकोला, अमरावती, आजोळचे वलगाव. त्यानंतर एकेका राजवटीला एकेक कागद... बहामनी, अचलपूरची इमादशाही, अहमदनगरकर, मोगल, निजाम आणि भोसल्यांचा सामाईक अंमल, शेवटी इंग्रज. सहा कागद एकावर एक ठेवले की पूर्णा जागच्या जागी राही आणि सरहद्दी तिच्यावरून सरकत. रंग घरातलेच होते. निजामाला हळद, इंग्रजाला कुंकू. सहाव्या कागदावर वऱ्हाडाला कोणता रंग द्यायचा, यावर सुशीला अडली. आत्याने सांगितले नाही. ‘‘पाचवा कागद खाली ठेव अन् पाह्य. मले कावून इचारतं?’’ दुसऱ्या दिवशी सुशीलाने हळदीवर कुंकवाच्या तिरप्या रेघा ओढल्या.

सुट्टी संपताना नाना न्यायला आले. चहा घ्यायच्या आधीच त्यांनी सुशीलाला समोर बसवले.

‘‘सध्या वऱ्हाड कोणाचा?’’

‘‘मालकी निजामाची, ताबा इंग्रजाचा. म्हणून दोन्ही रंग.’’

‘‘तुझ्या पुस्तकात तर नुसता तांबडा आहे.’’

‘‘पुस्तकवाल्यानं खालचा कागद पाह्यला नसंल.’’

निजामाने मालकी राखून वऱ्हाड इंग्रजांना भाड्याने दिला, तो कायमच्या पट्ट्याचा करार नानांना ठाऊक होता. पक्षकारांना तो त्यांनी अनेकदा समजावला होता. त्यांनी सहाही कागद उजेडासमोर धरून पाहिले... बराच वेळ. मग म्हणाले, ‘‘यमू, हा साक्षीदार उलटतपासणीत फुटायचा नाही.’’

‘‘मंग नाव राहू दे शाळेत. चहा निवून राह्यला, नाना.’’

नाव राहिले. त्या वर्षी सुशीला इतिहासात पास झाली. ती आता अमरावतीत मुलींच्या शाळेत शिकवते. पुढे दर उन्हाळ्यात जठारपेठेतल्या त्या खोलीत नात्यातली आणि शेजारची मुले बसत. एकालाही आत्याने नदीच्या आधी राजा काढू दिला नाही. वडीलधाऱ्यांशी ती वाद घालत नसे. त्यांच्यापुढेही कागदच ठेवी.

तेराव्याला सुशीला आणि मी अकोल्याला गेलो. खिडकीत तेलाची वाटी होती, तळाशी तेल होते. नकाशांचा बस्ता सुशीलाने सोडला. सहा कागद क्रमाने लावलेले होते. त्यांच्यावर सातवा निघाला, तो आम्ही आधी पाहिलेला नव्हता. कागद तेल लावून वाळवलेला आहे. त्यावर सरहद्द नाही, रंग नाही. शाईने पूर्णा काढलेली आहे.