उभ्याने नेम

माझी नात म्हणते, आजी, तू वरण ढवळतानासुद्धा दोन पावलं चालून येतेस. खरं आहे तिचं. पायांना भिंगरी घेऊनच मी जन्माला आले. अशा बाईनं पन्नाशीच्या तोंडाशी खेळ निवडावा तरी कोणता? तर ज्यात नुसतं उभं राहायचं. छर्ऱ्याची रायफल खांद्याला लावायची, दहा मीटरवरच्या कागदावरचा काळा ठिपका बघायचा आणि खांब व्हायचं. तेव्हाची ती बाई आठवली की आजही मला हसू येतं. बरं, मोठी हुशार समजायची हो स्वतःला.

सुरुवात लेकीमुळे झाली. कॉलेजात तिला एनसीसीचं वेड लागलं. रोह्याला एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत एक निवृत्त सुभेदार नेमबाजी शिकवायचे, तिथे तिला घेऊन मी पेणहून जायला लागले. लेक महिन्याभरात कंटाळली. मी मात्र भिंतीशी बसून पाय हलवत सगळं बघत असायची. एक दिवस सुभेदार कुणाला तरी म्हणाले, हा खेळ कुणालाही शिकवता येईल, फक्त त्या भिंतीजवळच्या बाईंना नाही. झालं. पुढच्या रविवारी लेक घरी झोपलेली, आणि मी ते जाडजूड, ताठ जाकीट चढवून उभी. घोडनवरी बोहल्यावर उभी राहते तशी.

उभ्याने नेम धरायचा म्हणजे ताकदीचं काम नाही, हाडांचं काम आहे. निशाणाकडे कूस करून उभं राहायचं, डाव्या कुशीचं हाड बाहेर काढायचं, त्यावर कोपर टेकायचं आणि त्या हातावर बंदुकीचा भार सोडायचा. सुभेदार मोठे सभ्य. परक्या बाईला कंबर बाहेर काढा असं सांगायची त्यांना लाज. ते ‘तिकडचं हाड, तिकडचं’ म्हणत भिंतीकडे बोट दाखवायचे. मला ते लगेच समजलं. लेकरू कडेवर घ्यायचं, एवढंच ना? दोन पोरं आणि नणंदेची तीन, अशी पाच मी याच हाडावर वाढवली होती.

पण झालं काय, ते वजन कडेवर आलं आणि माझं अंग आपोआप झुलायला लागलं. मला पत्ताच नाही. बंदुकीचं तोंड डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

सुभेदार मागून शांतपणे म्हणाले, “वहिनी, झोपवताय का तिला?”

गिरणीतली सगळी कॉलेजची पोरं हसली. मीही हसले, पण घरी आले ती मुसळ घेऊनच अंगणात उभी राहिले. भिंतीवर काजळाचा ठिपका काढला, मुसळ खांद्याला लावलं आणि हलायचं नाही म्हणजे नाही असं ठरवून टाकलं. न हलायचं ठरवलं की काय काय आठवतं माणसाला. गॅस बंद केला का? मांदेलीला मीठ लावलं का? पाठीच्या नेमक्या मध्यावर खाज कशी सुटते? नवरा कंपनीच्या शिफ्टवरून यायचा तो मुसळ धरलेली बायको पाहून उलट पावली शेजाऱ्यांकडे चहाला जायचा. सासूबाई ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या असायच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “काय गो, मुसळानं कोनाला मारतेस? मी तर हितंच हाय.”

झुलणं गेलं. त्यानंतर खरी खोड वर आली.

मी पेणजवळच्या जोहे गावात मूर्तींच्या एका कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. आखणीचा एकच नियम, कुंचला टेकला की टेकला. पापणीची रेघ एका श्वासात या टोकाहून त्या टोकाला न्यायची. मध्येच उचलला तर जोड दिसतो, आणि जोड दिसला की देवाची नजर बिघडते. माझी आई आखणी करायची, तिच्याकडून मी शिकले. सुरू केलेला डोळा अर्धा सोडायचा नाही, हे हातात इतकं मुरलेलं की भाकरी अर्धी भाजलेली असताना कुणी हाक मारली तरी मी उठायची नाही.

आणि नेमबाजीत बरोबर उलटं. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, ठिपक्यावर आली, अर्धा श्वास सोडून थांबलात, तरी लगेच चाप सुटला नाही तर बंदूक खाली. दम घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. जास्त वेळ रोखून धरलं की डोळा थकतो आणि ठिपका नाही तिथे दाखवतो. मला हे पाठ होतं. पण एकदा वर घेतलेली बंदूक छर्रा न सोडता खाली घ्यायची म्हणजे मला देवाला काणा करून ठेवल्यासारखं वाटायचं. मी धरून राहायची, धरून राहायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग छर्रा जायचा कागदाच्या कोपऱ्यात. मागून सुभेदारांचा जप चाललेलाच असायचा, “खाली घ्या, वहिनी. खाली घ्या.”

हे सगळं मी मनाला इतकं लावून घेतलं, कारण गणपतीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि चाळिशीपुढच्या बायकांत जागा एकच. ती मला हवी होती. माझं काम कुणाच्या घरी दीड दिवस राहतं, कुणाकडे दहा, मग पाण्यात जातं. लोक म्हणतात डोळे काय बोलके आहेत, पण कुणी काढले ते कुणी विचारत नाही. संघाच्या यादीत नाव लागलं असतं तर ते कुणी बुडवणार नव्हतं. एवढाच लोभ. तो इतका वाढला की मला झोपेत वळवळताना पाहून नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत निजायला लागला.

श्रावणात एका रविवारी अचानक जमलं. बंदूक वर घेतली, माशी थरथरली, आणि मी खाली घेतली. सुभेदारांनी पेढा मागवावा तसा चहा मागवला. त्या दिवशी परतताना मी नागोठण्यापर्यंत एसटीच्या खिडकीत बसून स्वतःशीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा झाला. डाव्याला कुंचला टेकला, अर्ध्या पापणीवर मनात किंचित थरथर झाली, आणि माझ्या हातानं कुंचला खाली घेतला. इतक्या सफाईनं, की सुभेदारांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. मालक येऊन मूर्तीसमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “बाय, एक डोळा जागा हाय नि एक झोपलाय. गिऱ्हाइकाला सांगू काय, देव शिफ्टला जातो?” डोळा पुसून पुन्हा रंगवावा लागला. तो मला ओरडला नाही, फक्त मोठ्या मूर्ती त्या वर्षी दुसऱ्या बाईला दिल्या. लहान मूर्तींची ओळ माझ्यापुढे. मी रागानं चारशे वेळा मनात मालकाला खाली घेतलं.

निवड रोह्यातच होती. शेजारच्या जागेवर अलिबागकडच्या एक पीटीच्या बाई. काय त्यांचं उभं राहणं. पाराच्या दगडासारखं. त्यांनी आपले सगळे छर्रे वेळेआधी मारले आणि बाकावर जाऊन पाणी पीत बसल्या. माझा एकच उरला होता. मागे कुजबुज ऐकू आली, पीटीच्या बाईंचे शेवटच्या कागदावरचे छर्रे बरेच वाईट गेलेत. मला हिशेब कळला. माझा शेवटचा छर्रा काळ्यात कुठेही लागला तरी जागा माझी.

वर घेतली. माशी ठिपक्याच्या डाव्या कडेला. खाली घेतली. वर घेतली. आता बरोबर मध्यावर, पण हृदयाचा ठोका बंदुकीत ऐकू येतोय. खाली. मला त्या क्षणी स्वतःचा काय अभिमान वाटत होता म्हणून सांगू! काय शिस्त, काय संयम. तिसऱ्यांदा वर. पाच मिनिटं उरली म्हणून पंचांनी कधीच सांगितलं होतं. चौथ्यांदा तर इतकी सुरेख बसली होती, पण मला वाटलं, याहून थोडी बरी बसेल. खाली घेतली. आणि वेळ संपून पंचांचं ‘थांबा’ झालं.

छर्रा नळीतच. न मारलेला छर्रा म्हणजे शून्य. नियमाप्रमाणे पंचांनी वाळूची बादली आणून ठेवली आणि तो त्यात मारायला सांगितला. तो मी मारला. एका दमात.

सुभेदार बाहेर आंब्याखाली उभे होते. मला वाटलं रागावतील. ते हातातली टोपी फिरवत म्हणाले,

“वहिनी, खाली घ्यायची ती परत वर घेण्यासाठी. काळ्यात कुठेही लागलं असतं तरी चाललं असतं हो.”

मी म्हटलं, “कुठेही कसं लावू? डोळा कुठेही काढतात का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की इतके दिवस आपण काय शिकवत होतो आणि ही बाई काय शिकत होती. मग ते म्हणाले, “रविवारी या. आता घड्याळ समोर ठेवून.”

पेणच्या एसटीत अर्धी गाडी रिकामी होती. पीटीच्या बाई आता कुणाकुणाला फोन करत असतील, हे मनातून जाईना, आणि बसवेना. मी दांड्याला धरून उभी राहिले. कंडक्टर दोनदा म्हणाला, “काकू, बसा की, जागा आहे.” मी हो म्हटलं. पुढे रस्ता खड्ड्यांचा लागला. मी दांडा सोडला, डावं हाड बाहेर काढलं, त्यावर कोपर टेकलं, आणि ड्रायव्हरच्या वरच्या घड्याळाकडे बघत किती वेळ न हलता राहता येतं ते पाहू लागले. कंडक्टरनं मधली वाट सोडून मागची सीट धरली. वडखळपर्यंत तरी मी पडले नव्हते.