पोहेमावशीने मला फोनला दाखवलं

मुलगा पोहे कसे खातो ते बघून पोहेमावशी सांगायची की होकार येणार का नकार. शेंगदाणे आधी वेचून खाल्ले तर तो आईच्या शब्दाबाहेर नाही, तेव्हा त्याच्याकडे बघू नका, आईकडे बघा. बशीला हातच लावला नाही तर त्याचं दुसरीकडे कुठेतरी जमलेलं आहे. आणि पुन्हा मागून घेतले तर होकार नक्की, पण तो मुलीला आहे का पोह्यांना ते नंतर कळतं. रेवदंड्यात आमच्या आळीत तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. ज्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार त्या घरी मावशी सकाळपासून हजर, कढई तिची, पोहे तिच्या हातचे, आणि मुलीने कुठे बसायचं, काय बोलायचं, किती बोलायचं तेही तिनेच ठरवायचं. मुलीच्या आईला त्या दिवशी स्वतःच्या घरात काही किंमत नसायची.

मलापण तिनेच दाखवली. बाबा आजारी पडले तेव्हा नववीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, मग घरी कोळंबी सोलत बसले होते, आणि वय झाल्यावर मावशी स्थळ घेऊन आली. आता मी म्हणजे पहिल्यापासून घाबरट, मला घाबरायला कारण लागत नाही, दारावर कोणी थाप मारली तरी माझा श्वास वर चढतो आणि मग मी बोलायला लागले की थांबता येत नाही. बघायच्या दिवशी मुलाने नाव विचारलं आणि मी घाबरून आत्याचं नाव सांगितलं, सुलभा. पाहुण्यांना कळवलेलं नाव वेगळंच. मावशी पोहे वाढता वाढता म्हणाली, लाडाचं नाव हाय. झालं, लग्नानंतर पहिलं वर्षभर सासरी मला सगळे सुलभाच म्हणायचे, आणि मी ओ द्यायची, कारण आता खरं सांगायचं कसं याचीच भीती.

मावशीचं शिकवणं एवढंसंच होतं. सगळ्या मुलींना तेच. "खाली बघ. विचारलं तेवढंच बोल. आपण काय विचारायचं न्हाय." मधेच कोणी पोरगी म्हणाली की मावशी, मला विचारायचंय मुलगा बोटीवर किती दिवस असतो, तर मावशी तिच्याकडे असं बघायची की पोरीला वाटायचं आपण काहीतरी घाणेरडं बोललो.

तर झालं असं की बचत गटातल्या ताईने एक दिवस सांगितलं, अलिबागला एका संस्थेत बायकांना शिकवणार आहेत. फोनमध्ये ते बोलणारं असतं ना, एआय, त्याला पुस्तकातली मराठी येते पण आपल्याकडची येत नाही. आपण हाय न्हाय बोललो की ते गडबडतं. तर त्याला शिकवायचं. लोकांचं बोलणं कानात ऐकायचं आणि जसंच्या तसं कॉम्प्युटरवर टाइप करायचं, आधी काही महिने तिकडे जाऊन शिकायचं, मग काम मिळणार. आणि नववी झालेली चालते. हे ऐकून माझे कानच गरम झाले, कारण नववी चालते असं मला आतापर्यंत कुठेच कोणी म्हटलं नव्हतं, सगळीकडे दहावीचं सर्टिफिकेट मागतात आणि मी तिथूनच परत येते. पण ताई पुढे म्हणाली की निवड तो एआयच करणार, फोनवर मुलाखत घेऊन. आणि दुसरं म्हणजे माझी स्वरा. दीड वर्षाची, अजून अंगावर पिणारी. हे बोटीवर, सासूबाई दिवसभर बंदरावर मासे सुकवायला. तिला ठेवायची कुठे? मी कोणाला विचारलंच नाही, म्हटलं पोरगी आहे कळलं तर तिथेच नाव कापतील.

मी रडत मावशीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे बघायला येणार हायेत. मी म्हटलं, मावशी, कोणी येणार नाही, नुसता फोन. ती म्हणाली, फोन बघणार ना तुला? प्रश्न विचारणार ना? मग होकार नायतर नकार कळवणार ना? मग बघायलाच आले की. आणि पोरीचं काय बोलायचं न्हाय, आपलं उणं आपण कशाला दाखवा. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. निदान आळीत एका माणसाला तरी या गोष्टीतलं कळत होतं.

मग तयारी. मावशीने माझ्या फोनवर ते एआय कसं बोलतं ते एकदा ऐकलं, आणि घरातली एक जुनी फोटोची चौकट, जिची काच फुटलेली होती, ती तोंडासमोर धरून बसली. ती मशीन. आवाज एकदम सपाट केला, डोळे मोठे, पापणी हलवायची नाही. तुमचं नाव सांगा. धन्यवाद. तुमचं शिक्षण सांगा. धन्यवाद. मी म्हटलं, मावशी, मी विसरले. धन्यवाद. मशीन रागावत नाही हे तिने बरोबर हेरलेलं, पण मधेच शेजारच्या कोंबड्या तांदळात शिरल्या तेव्हा चौकटीतूनच त्यांना आईबापावरून शिव्या दिल्या आणि पुन्हा सपाट आवाजात म्हणाली, धन्यवाद, पुढचा प्रश्न. मी हसून हसून लोळले. ती हसली नाही. मशीन हसत न्हाय, बाय, तू सवय कर.

मुलाखतीच्या दिवशी तिने कार्यक्रमच मांडला. मला लग्नातली साडी, डोक्यावर पदर, खाली पाट. समोर खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला टेकून फोन. आणि फोनसमोर स्टुलावर पोह्यांची बशी, वर खोबरं कोथिंबीर सगळं. मी म्हटलं, मावशी, तो खाणार नाही. ती म्हणाली, खाऊ नको दे, रीत ती रीत. ती स्वतः माझ्या मागे उभी, शेजारची दोन माणसं भिंतीला टेकून, सासूबाईपण बंदरावरून आलेल्या.

फोनमधली बाई बोलायला लागली. कृपया कॅमेऱ्याकडे पहा. मी घाबरून आणखी खाली बघितलं. कृपया कॅमेऱ्याकडे पहा. मी पदर पुढे ओढला. तेव्हा मावशी वाकून फोनला म्हणाली, आमची पोर लाजाळू हाय, तुम्ही विचारा, ती सांगेल. फोनमधली बाई म्हणाली, एकापेक्षा जास्त व्यक्ती दिसत आहेत, कृपया एकट्याने बसा. मावशीला ते लागलंच. "मग काय पोरीला एकटी बसवू तुमच्यासमोर? आमच्यात तशी पद्धत न्हाय." फोन म्हणाला, मुलाखत थांबवण्यात येत आहे. आणि बंद.

मावशी खुर्चीत बसली, फोन बाजूला ठेवून, आणि तिने ती पोह्यांची बशी उचलून स्वतःच खाल्ली. एवढ्या लवकर नकार मी बघितला न्हाय, म्हणाली.

मी तर संपलेच होते, पण ताईने सांगितलं की प्रत्येकीला अजून एकदा देता येते, उद्या. मावशीने चूक झाली वगैरे काही म्हटलं नाही, ते तिच्या स्वभावातच नव्हतं. म्हणाली, दुसऱ्यांदा बघायला येतायत म्हणजे मनात भरलेली हायेस.

दुसऱ्या दिवशी मी आत एकटी आणि मावशी बाहेर उंबऱ्यावर, मांडीवर स्वरा. बाहेर तिने काय काय केलं ते मला नंतर कळलं. अलिबागच्या रिक्षावाल्याला आळीच्या तोंडाशीच थांबवून रिक्षा बंद करायला लावली आणि आतल्या पाहुण्यांना चालत पाठवलं. पाववाला सायकलवरून आला तर त्याचा भोंगा काढून घेतला आणि आपल्या पदरात बांधून ठेवला. सासूबाई सांगतात, आमची आळी एवढी शांत कोणी मेल्यावर पण नसते.

आत मी कॅमेऱ्याकडे बघत होते. असं सरळ डोळ्यात डोळे घालून मी नवऱ्याकडेपण बघितलेलं नाही. नाव विचारलं, मी माझं सांगितलं. शिक्षण विचारलं, नववी म्हटलं आणि वाटलं आता संपलं, पण ती पुढे गेली. तुमच्या रोजच्या बोलीत एखादं काम कसं करतात ते सांगा. मी पाठ केलेलं सगळं उडून गेलं, डोळ्यासमोर फक्त बंदर. मग मी बोंबील सुकवायचं सांगितलं, की दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत कसे अडकवायचे आणि दोरीवर कसे टाकायचे, आणि ढग आले की कशी धावाधाव होते, आणि कावळे, आणि मांजर, आणि सासूबाई कोणाकोणावर ओरडतात, श्वासच घेतला नाही मी, शेवटी तिनेच मधे थांबवून धन्यवाद म्हटलं.

आणि मग तिने विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का?

याची तयारीच नव्हती. हा प्रश्न चौकटीतून मावशीने कधी विचारलाच नव्हता, कारण तिला माहीतच नव्हतं की असा प्रश्न असतो. मी दाराकडे बघितलं. मावशी वळून आत बघत होती, तिनेपण ऐकलेलं. तोंड तिचं अर्धं उघडलं, मला वाटलं आता न्हाय म्हणते. पण स्वराला तिने थोडी वर उचलली आणि हनुवटीने मला खूण केली, विचार.

"माझी मुलगी दीड वर्षाची हाय," मी म्हटलं, "अंगावर पिते, घरी ठेवायला कोणी न्हाय. तिला घेऊन आले तर चालेल का? न्हाय चालत असेल तर आत्ताच सांगा."

फोन म्हणाला, तुमचा प्रश्न नोंदवला आहे, धन्यवाद. मावशीने लगेच विचारलं, नोंदवला म्हणजे काय? मी सांगितलं. म्हणजे घरी जाऊन कळवतो, मावशी म्हणाली, आणि पाववाल्याला त्याचा भोंगा परत दिला.

मग मी चहा ठेवला. तिने कप हातात धरला पण प्यायली नाही. "एवढ्या पोरी बसवल्या गं मी पाटावर," ती म्हणाली, "एकीला कोणी विचारलं न्हाय तुला काय विचारायचंय म्हणून. मीबी न्हाय. तुलाबी न्हाय." मी म्हटलं, मावशी, तेव्हा विचारलं असतंस तर मी घाबरून न्हायच म्हटलं असतं. ती म्हणाली, ते येगळं. विचारायला पायजे होतं.

काही दिवसांनी एका खऱ्या मॅडमचा फोन आला. मला घेतलं होतं, आणि मुलगी आणा म्हणाल्या, फक्त तिला सांभाळायला कोणीतरी सोबत पाहिजे. मी फोन ठेवून मावशीकडे बघितलं तर ती आधीच चपला शोधत होती.

मग रोज आम्ही तिघी रिक्षाने अलिबागला. मी आत कानाला हेडफोन लावून बसायची, मावशी बाहेर झाडाखाली स्वराला घेऊन. कधी पालीकडची कोणी म्हातारी भाताबद्दल बोलायची, कधी कोणी खलाशी, आणि मशीनने त्याचं जे काय लिहिलेलं असायचं ते मी खोडून नीट लिहायची. मी, नववीवाली, लाल रंगाने. आणि गंमत म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मी त्याच एआयला दहावीची गणितं विचारायला लागले. ते पुन्हा पुन्हा सांगतं, कंटाळत नाही, आमच्या वेळच्या सरांसारखा खडू फेकून मारत नाही. कधी चुकीचंही सांगतं आणि तेवढ्याच थाटात सांगतं, तेव्हा पुस्तकात बघून घ्यावं लागतं. मी बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. पण भीती आहेच. एकदा मी मावशीला म्हटलं, हे मशीन सगळं शिकलं की आपली गरज कोणाला? ती म्हणाली, पोर शिकली की घरातून जातेच, म्हणून शिकवायची न्हाय का? मग थोडा विचार करून म्हणाली, पण तू दहावी लवकर कर.

मावशीचं स्वतःचं काम मात्र त्यानंतर बसलं. रविवारच्या बघायच्या कार्यक्रमात ती आता भर पाहुण्यांत मुलीला विचारायला लागली, बाय, तुला काय विचारायचंय? चौलच्या एकीने मुलाला विचारलं, पिता किती? मुलाऐवजी त्याच्या मामाने सांगितलं जास्त नाही, आणि मुलाच्या आईने मामाकडे जे बघितलं त्यावरून सगळ्यांना आकडा कळला. दुसरीने विचारलं, माझा नर्सिंगचा कोर्स पुरा करू देणार का? ते पाहुणे तर बशी यायच्या आधीच उठले. हळूहळू मावशीला बोलावणं बंद झालं. आळीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीला अलिबागचा वारा लागला. मावशी म्हणायची, पोहे वाचले.

गणपती झाल्यावर तिला धाप लागायला लागली आणि अलिबागच्याच दवाखान्यात ठेवली. मी वर्ग सुटला की स्वराला घेऊन जायची. एकदा मीच तिला विचारलं, मावशी, तुला काय विचारायचंय का? तिने छताकडे बघत नीट विचार केला.

"त्या फोनमधल्या बाईला," ती म्हणाली, "कोणी विचारलं का गं, हे काम करायचंय का म्हणून?"

मी म्हटलं, माहीत नाही मावशी. तर म्हणाली, बघ, आणि डोळे मिटले. त्याच आठवड्यात ती गेली. नवरात्रही बघितलं नाही.

आता स्वराला बघायला कोणी नाही. पहिली मी असते तर जायचंच बंद केलं असतं, कोणाला काही न सांगता. मी दोन दिवस घरी बसलेपण. तिसऱ्या दिवशी स्वराला कडेवर घेऊन मॅडमच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले आणि एका श्वासात विचारलं की आमच्यातल्या पुष्कळ जणींना लहान मुलं आहेत, मागची खोली रिकामीच असते, ती मुलांना द्याल का, आम्ही पाळीपाळीने बसू. मॅडम म्हणाल्या, बघते, वर विचारावं लागेल.

मी म्हटलं, चालेल, मी उद्या परत विचारायला येते.